दुर्गा खोटे : प्रतिष्ठा, परिश्रम आणि चित्रपट-अभिनेत्रीची जडणघडण

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास दीर्घकाळ निर्माते, दिग्दर्शक आणि चित्रसंस्था यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. अभिनेत्रींचा उल्लेख त्यात होतो, परंतु तो बहुधा सौंदर्य, गाजलेल्या भूमिका आणि पुरस्कार यांपुरता मर्यादित राहतो. त्यांच्या कामाच्या अटी, त्यांना मिळणारा मोबदला, त्यांच्यावरील सामाजिक दडपण आणि वाढत्या वयाबरोबर बदलत जाणारे त्यांचे स्थान हे विषय इतिहासलेखनात क्वचितच मध्यभागी येतात. दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यासनीय ठरते. मूकपटाच्या अखेरीपासून दूरदर्शन मालिकांच्या काळापर्यंतचा सुमारे सहा दशकांचा कालखंड त्यांच्या आयुष्यात सामावलेला आहे.

'घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडून देणारी अभिनेत्री' अशी दुर्गाबाईंची ओळख पाठ्यपुस्तकांतून आणि गौरवग्रंथांतून रूढ झाली आहे. ही ओळख चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. प्रस्तुत शोधनिबंधात तिची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतिष्ठा हे दुर्गाबाईंचे भांडवल होते आणि बंधनही होते. त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य मात्र या प्रतिष्ठेपेक्षा त्यांच्या व्यावसायिक स्वायत्ततेत शोधावे लागते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, तुलनेसाठी समकालीन जपानी चित्रपटसृष्टीचा, विशेषतः इसुझू यामादा (१९१७–२०१२) या श्रेष्ठ अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : तारामतीची दोन रूपे

३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या चित्रपटातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होत नव्हत्या, हे त्याचे कारण सर्वश्रुत आहे. मराठी रंगभूमीवर त्या वेळी पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा वैभवात होती आणि बालगंधर्व त्या परंपरेचे मानबिंदू होते. त्यामुळे प्रेक्षकांनाही पुरुष तारामती खटकण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) या मायलेकींनी काम केले. चित्रपटात स्त्रीभूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात तेथे झाली. तथापि तो अपवाद होता. त्यातून लगेच प्रघात पडला नाही.

जपानमध्येही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. १६२९ मध्ये तेथील राजसत्तेने काबुकी रंगभूमीवर स्त्रियांना मज्जाव केला होता आणि त्यातून 'ओन्नागाता' म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची परंपरा निर्माण झाली. आरंभीच्या जपानी चित्रपटांतही हेच नट स्त्रियांच्या भूमिका करीत. १९२० च्या दशकाच्या आरंभी ही प्रथा मागे पडली आणि सुमिको कुरिशिमा यांच्यासारख्या अभिनेत्री लोकप्रिय झाल्या. दोन्ही समाजांत कॅमेऱ्याच्या निकट दृष्टीने स्त्रीवेशधारी नटाची सद्दी संपवली, असे म्हणता येईल. रंगमंचावर अंतरामुळे टिकणारा आभास चित्रपटातील समीपदृश्यात टिकत नव्हता.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. बोलपटाला आता नुसता चेहरा पुरेसा नव्हता. स्पष्ट वाणी, भाषेवर प्रभुत्व आणि गाता गळा या तिन्ही गोष्टींची गरज होती. पार्श्वगायनाचे तंत्र अद्याप आले नव्हते. नटनटींना चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे. या नव्या गरजेमुळे शिक्षित, बहुभाषिक स्त्रियांना चित्रपटात मागणी निर्माण झाली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. त्यातील तारामती दुर्गा खोटे होत्या. अण्णा साळुंके यांची तारामती आणि दुर्गाबाईंची तारामती यांच्यामध्ये अवघ्या १९ वर्षांचे अंतर आहे. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ते एका युगाचे अंतर ठरते.

कौटुंबिक वारसा आणि चित्रपटप्रवेश

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईतील सुखवस्तू लाड घराण्यात झाला. कुटुंबाचे मूळ गोव्यातील. कॅथेड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळातील मध्यमवर्गीय मराठी मुलींच्या तुलनेत हे शिक्षण असाधारण होते. विवाहानंतर त्या मुंबईतील प्रतिष्ठित खोटे कुटुंबात आल्या. पुढे सासरची आर्थिक स्थिती ढासळली. बकुळ आणि हरिन या दोन लहान मुलांच्या पालनपोषणाचा प्रश्न उभा राहिला आणि अर्थार्जनाची गरज निर्माण झाली. म्हणजे त्यांचा चित्रपटप्रवेश हा हौसेचा किंवा बंडखोरीचा भाग नव्हता, तर चरितार्थाचा भाग होता. गौरवपर लेखनात ही बाब अनेकदा झाकोळली जाते.

मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. निर्मात्यांनी जाहिरातीत त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या घराण्यांचा उल्लेख ठळकपणे केला. चित्रपट मात्र सुमार दर्जाचा निघाला आणि त्याच्या अपकीर्तीचे चटके दोन्ही कुटुंबांना सोसावे लागले. प्रतिष्ठेचे दुधारी स्वरूप येथे प्रथमच स्पष्ट होते. घराण्याचे नाव विक्रीयोग्य होते म्हणूनच ते वापरले गेले; आणि ते मोठे होते म्हणूनच त्या नावाला लागलेला डाग अधिक दिसला. व्यवसायाने घराण्याच्या नावाचा लाभ घेतला, त्याची किंमत मात्र एकट्या स्त्रीने चुकवली.

'प्रभात'चे पर्व : तारामती ते सौदामिनी

अशा परिस्थितीत व्ही. शांताराम यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी निवडले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी शिस्तबद्ध कामासाठी ओळखली जात होती. हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. प्रत्येक प्रसंग दोन भाषांत चित्रित करावा लागत असल्याने नटांचे श्रम दुप्पट होत. गोविंदराव टेंबे हे चित्रपटाचे संगीतकार व हरिश्चंद्राच्या भूमिकेतील नट होते. संगीत रंगभूमीवर मुरलेल्या या ज्येष्ठ कलावंतासमोर जवळजवळ नवख्या असलेल्या दुर्गाबाईंनी गाणे आणि अभिनय या दोन्ही बाजू सांभाळल्या. आधीच्या चित्रपटाची अपकीर्ती या यशाने पुसली गेली. राजवैभवातून दारिद्र्यात आलेली, तरीही सत्त्व न सोडणारी तारामती आणि ती साकारणारी, घरची श्रीमंती हरपलेली अभिनेत्री यांच्यातील साम्य तत्कालीन प्रेक्षकांच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही. पतिव्रतेच्या भूमिकेने अभिनेत्रीला समाजमान्यता मिळवून दिली.

ही समाजमान्यता म्हणजे पौराणिक साध्वीच्या चौकटीत मिळालेला प्रवेश होता, हे लक्षात घेतले पाहिजे. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या कलकत्त्यात तयार झालेल्या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका याच परंपरेतील होत्या. 'सीता' १९३४ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तथापि 'प्रभात'च्याच 'अमर ज्योती' (१९३६) या चित्रपटात त्यांनी ही चौकट मोडली. त्यातील सौदामिनी ही समुद्री चाच्यांची नायिका आहे. राज्याचा कायदा तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो. तेव्हा ती राज्यसत्तेविरुद्ध आणि पुरुषी न्यायाविरुद्ध शस्त्र उचलते. स्त्रीला कायदेशीर व्यक्तित्व आहे की नाही, असा थेट प्रश्न हा चित्रपट साहसकथेच्या आवरणाखाली विचारतो. तारामती सोसते, सौदामिनी जाब विचारते. अवघ्या चार वर्षांतील हे स्थित्यंतर अभिनेत्रीच्या क्षमतेचे द्योतक आहे, तसेच १९३० च्या दशकातील सामाजिक सुधारणेच्या चर्चेचेही ते प्रतिबिंब आहे.

याच १९३६ मध्ये जपानमध्ये केन्जी मिझोगुची यांचे 'नानिवा एलिजी' आणि 'सिस्टर्स ऑफ द गिऑन' हे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. दोन्हींत इसुझू यामादा प्रमुख भूमिकेत होत्या. पहिल्यात त्या कुटुंबाच्या कर्जासाठी स्वतःची अब्रू पणाला लावणारी टेलिफोन ऑपरेटर आहेत. तिच्या त्यागाचा लाभ घेणारे कुटुंबच शेवटी तिला नाकारते. दोन भिन्न संस्कृतींत, एकाच वर्षी, स्त्रीच्या मुखातून कुटुंबसंस्थेविषयी आणि कायद्याविषयी प्रश्न उपस्थित व्हावेत हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. भारतीय चित्रपटाने हा प्रश्न कल्पित समुद्रराज्यात नेऊन विचारला, जपानी चित्रपटाने तो ओसाकाच्या रस्त्यावर विचारला, एवढाच दोहोंतील भेद आहे.

कंपनीची चौकट आणि स्वतंत्र वृत्ती

१९३० च्या दशकातील भारतीय चित्रसंस्थांत नटनटी मासिक पगारावर व करारावर काम करीत. करारकाळात अन्यत्र काम करता येत नसे. या व्यवस्थेत स्थैर्य होते, परंतु कलावंताची निर्णयशक्ती त्यामुळे संपुष्टात येई. 'प्रभात'च्याच शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कंपनीच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. 'कुंकू' (१९३७) मधील बंडखोर नीराची भूमिका करणारी अभिनेत्री वास्तवातही आपल्या हक्कासाठी उभी राहिली, हा प्रसंग चित्रपटव्यवसायातील श्रमसंबंधांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

दुर्गाबाईंचा मार्ग वेगळा होता. संघर्ष उघडपणे न करता त्यांनी कोणत्याही एका संस्थेशी कायमचे बांधून घेणे टाळले. कोल्हापूर-पुण्याची 'प्रभात', कलकत्त्याच्या 'न्यू थिएटर्स' व 'ईस्ट इंडिया फिल्म कंपनी' आणि मुंबईतील विविध संस्था यांत त्यांनी काम केले. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आरंभीच्या भारतीय कलावंतांत त्यांची गणना होते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या चित्रपटनिर्मितीतही उतरल्या. स्त्रीने चित्रपटात काम करणे हेच जेथे धाडस होते, तेथे तिने भांडवल उभारून निर्मितीची जोखीम घेणे ही त्याहून मोठी घटना होती.

जपानी अभिनेत्रींचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. १९५३ मध्ये तेथील पाच मोठ्या चित्रसंस्थांनी आपापसांत करार करून एकमेकींच्या कलावंतांना काम देण्यास प्रतिबंध केला. त्याला उत्तर म्हणून १९५४ मध्ये केइको किशी, योशिको कुगा आणि इनेको अरिमा या तीन अभिनेत्रींनी 'निन्जिन क्लब' ही स्वतःची संस्था स्थापन केली. १९५३ मध्येच किनुयो तानाका (१९०९–१९७७) यांनी 'लव्ह लेटर' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि पुढे एकूण सहा चित्रपटांचे दिग्दर्शन केले. स्वायत्ततेचा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच होता. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातील मोठ्या संस्थांची व्यवस्था कोलमडली आणि मुक्तपणे काम करणे हा नियम झाला, तर जपानमध्ये ती व्यवस्था अधिक घट्ट झाली. दुर्गाबाईंची स्वतंत्र वृत्ती या बदलाच्या कितीतरी आधीची आहे.

वय, भूमिका आणि रंगभूमी

अभिनेत्रीच्या कारकिर्दीत वय हा निर्णायक घटक असतो. नायक पन्नाशीतही नायकच राहतो, नायिकेला मात्र तिशी ओलांडताच आईच्या किंवा सासूच्या भूमिकेत जावे लागते. दुर्गाबाईंनी या अन्यायाचे संधीत रूपांतर केले. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' व त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'चरणों की दासी' (१९४१) मध्ये त्यांनी खाष्ट सासू रंगवली, त्या वेळी त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप' (१९४२) मध्ये त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांबद्दल बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. सीतेच्या भूमिकेने लौकिक मिळवलेली अभिनेत्री कैकेयीच्या भूमिकेने पुरस्कार मिळवते, ही बाब सूचक आहे. 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) मधील मृणालवती ही त्यांची आणखी एक करारी व्यक्तिरेखा होय.

या काळात त्यांनी मराठी रंगभूमीकडेही लक्ष वळवले. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात प्रतिष्ठित केला होता. तरीही संस्थात्मक पाठबळाअभावी मराठी नाटक १९४० च्या सुमारास अडचणीत होते. मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्यचळवळीला जे नवे बळ दिले, त्यात दुर्गाबाईंचा मोलाचा वाटा होता. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई गाजली. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चे वि. वा. शिरवाडकरांनी केलेले 'राजमुकुट' हे रूपांतर १९५४ मध्ये हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात नानासाहेब फाटक यांच्यासमवेत दुर्गाबाईंनी लेडी मॅक्बेथच्या धर्तीची भूमिका केली.

तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, अकिरा कुरोसावा यांनी याच नाटकावर 'थ्रोन ऑफ ब्लड' हा चित्रपट निर्माण केला आणि लेडी मॅक्बेथची भूमिका इसुझू यामादा यांनी केली. कुरोसावांनी 'नो' या प्राचीन नाट्यप्रकारातील मुखवट्याची निश्चलता तिच्यासाठी वापरली. मराठीतील प्रयोगाला ऐतिहासिक-संगीत नाटकांच्या भारदस्त गद्याची पार्श्वभूमी होती. पाश्चात्त्य नाट्यकृती आत्मसात करताना दोन्ही आशियाई परंपरांनी आपल्याच रंगभूमीचा आधार घेतला आणि तो भार पेलण्यासाठी दोन्हीकडे चित्रपटात मुरलेल्या अभिनेत्रींचीच निवड झाली, हे साम्य नोंदवण्यासारखे आहे.

'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई ही दुर्गाबाईंच्या उत्तर कारकिर्दीतील सर्वाधिक परिचित भूमिका होय. त्यातील अकबर म्हणजे पृथ्वीराज कपूर, जे १९३४ च्या 'सीता'मध्ये त्यांच्यासोबत रामाच्या भूमिकेत होते. पती आणि पुत्र यांच्यामध्ये होणारी राणीची घालमेल त्यांनी मोजक्या संवादांतून उभी केली. पुढे 'अभिमान' (१९७३), 'बॉबी' (१९७३) यांसारख्या चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या. 'बिदाई' (१९७४) साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना प्राप्त झाला. त्यांना प्रथम यश मिळवून देणारे व्ही. शांताराम यांना फाळके पुरस्कार त्यानंतर, १९८५ साठी मिळाला. अभिनयाबरोबर त्यांनी लघुपट व जाहिरातपट यांची निर्मिती करणारी संस्था चालवली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची निर्मिती होती.

आत्मचरित्र आणि प्रतिष्ठेचा प्रश्न

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये आला. या ग्रंथाचे वाचन हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनाच्या बरोबरीने केले असता प्रतिष्ठेच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. हंसाबाईही कुटुंबाच्या आर्थिक अडचणीमुळेच, बालवयात चित्रपटात आल्या. पण त्यांच्या पाठीशी घराण्याचे नाव नव्हते, महाविद्यालयीन शिक्षण नव्हते आणि करार नाकारण्याची मोकळीक नव्हती. दोघींची गरज एकच असताना एकीच्या पदार्पणाला 'धाडस' आणि दुसरीच्या पदार्पणाला 'नाइलाज' म्हटले गेले. हा भेद दोघींच्या गुणवत्तेतला नसून समाजाच्या दृष्टीतला आहे.

'घरंदाज स्त्रियांना दार उघडून दिले' या विधानात एक गृहीतक दडलेले आहे. आधी आलेल्या दुर्गाबाई कामत, कमलाबाई गोखले आणि कलावंत घराण्यांतील अनेक स्त्रिया यांचे श्रम जणू मोजण्यायोग्यच नव्हते, असे ते गृहीतक सुचवते. दार आधीच उघडले होते. मध्यमवर्गाने ते पाहिले मात्र आपल्यातील कोणी आत गेल्यावर. इतिहासलेखनाने हा पूर्वग्रह पुढे चालवू नये. दुर्गाबाईंचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. उलट घराण्याच्या पुण्याईचा भाग वगळूनही जे उरते, ते त्यांचे स्वकष्टार्जित कर्तृत्व अधिक स्पष्ट दिसते. त्यांच्या स्नुषा विजया (पुढे विजया मेहता) यांनी १९६० मध्ये 'रंगायन'च्या उभारणीत घेतलेला पुढाकार पाहता, पुढच्या पिढीतील स्त्रीला रंगभूमीवर दिग्दर्शक म्हणून उभे राहणे तुलनेने किती स्वाभाविक झाले होते, हेही ध्यानात येते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. बोलपटाच्या तांत्रिक गरजांनी शिक्षित व बहुभाषिक स्त्रियांना चित्रपटात स्थान निर्माण केले. दुर्गा खोटे यांचा उदय ही केवळ वैयक्तिक घटना नसून या संक्रमणाचा परिणाम आहे.

२. त्यांच्या चित्रपटप्रवेशामागे आर्थिक निकड होती. घराण्याच्या प्रतिष्ठेने त्यांना प्रवेश सुलभ केला, परंतु त्याच प्रतिष्ठेने अपयशाची किंमतही वाढवली.

३. एका संस्थेशी बांधून न घेणे, निर्मितीत उतरणे आणि वयानुरूप भूमिकांचे स्वरूप बदलणे या तीन निर्णयांमुळे त्यांची कारकीर्द दीर्घकाळ टिकली.

४. जपानी अभिनेत्रींशी केलेल्या तुलनेवरून असे दिसते की स्त्रीवेशधारी नटांचा अस्त, संस्थांचे करार आणि वयानुसार होणारी भूमिकांची विभागणी हे प्रश्न केवळ भारतीय नव्हते. आशियाई चित्रपटाच्या सामाजिक इतिहासात मराठी चित्रपटाची मांडणी करण्यास येथे वाव आहे.

५. 'पहिली घरंदाज अभिनेत्री' ही संज्ञा इतिहासलेखनात सावधपणे वापरली पाहिजे. त्या संज्ञेमुळे आधीच्या व समकालीन स्त्री-कलावंतांचे श्रम अदृश्य होतात.

चित्रपटांच्या मूळ प्रती, जाहिराती व करारपत्रे काळाच्या ओघात नष्ट होत आहेत. तंबूतील सिनेमा पाहिलेली पिढीही विदर्भातील खेड्यापाड्यांतून झपाट्याने कमी होत आहे. बुलढाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील वृद्ध प्रेक्षकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आठवणी नोंदवून घेतल्यास तारामती आणि सौदामिनी पडद्यावर पाहणाऱ्या समाजाचा इतिहास लिहिता येईल. अभिनेत्रीचा इतिहास तिच्या प्रेक्षकांच्या इतिहासावाचून अपूर्णच राहतो.